पाव मीटर जास्त

सत्तावीस वर्षांत माझ्या इस्त्रीने एकही कपडा जाळला नाही, हे वाक्य मी आमच्या यांना दिवसातून एकदा तरी ऐकवत आले. त्यांचा चष्मा हरवला की ऐकवायचे, खडू हरवला की ऐकवायचे, आणि काहीच हरवलं नाही तर जेवताना ऐकवायचे. हे शिंपी. कापणं आणि मशीनवर शिवणं त्यांचं. काज, बटणं, अस्तराची हातशिलाई आणि इस्त्री माझी. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे तोंड करून मशीन, मागच्या भिंतीला इस्त्रीचं टेबल, आणि मध्ये एक पडदा, ज्याच्यामागे गिऱ्हाईक पँट बदलतं आणि पोट आत घेतं.

सगळा घोळ या पोटापासूनच सुरू झाला.

कुठलाही बरा शिंपी शिवणीच्या आतल्या बाजूला थोडं जास्तीचं कापड ठेवतो. त्याला माया म्हणतात. उद्या माणूस सुटला तर शिवण उसवायची, माया सोडायची, की कोट पुन्हा अंगाला बसतो. आमचे हे सगळ्यांना सारखीच माया ठेवतात, दोन इंच. काटकुळ्याला दोन आणि ढोल्यालाही दोनच. त्यांच्या वडिलांनी शिकवलं तेव्हापासून हाताला तेच वळण आहे. त्यात फार अक्कल लागत नाही, आणि भविष्य तर मुळीच लागत नाही.

पण समोरचा औषधवाला लग्नानंतर वर्षभरात चांगलाच फुगला आणि कोट घेऊन आला. यांनी शिवण उसवली, माया सोडली, बटण अलगद लागलं. त्याने आरशात पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "मास्तर, मी एवढाच जाड होणार हे तुम्हाला आधीच दिसलं होतं का?"

शहाण्या माणसाने नाही म्हटलं असतं. पण यांच्या तोंडात टाचण्या होत्या. तोंडात टाचण्या असल्या की हे फक्त मान हलवतात, आणि हो काय नि नाही काय, दोन्हीला एकाच तऱ्हेने हलवतात.

औषधवाल्याकडे दिवसाला शंभर माणसं येतात. प्रत्येकाला त्याने खोकल्याच्या औषधाबरोबर ही बातमी बांधून दिली. मग लोकांनी पुढचा हिशेब आपापल्या मनाने केला. माया जास्त म्हणजे पोट सुटणार, पोट सुटणार म्हणजे चांगले दिवस येणार, आणि चांगले दिवस येणार म्हणजे माणूस तोवर जगणार. महिनाभरात आमच्या रस्त्यावर एक नवीनच चाल पडली. नवा कोट घरी न्यायचा, दार लावून अस्तराचे चार टाके उसवायचे आणि मास्तरांनी आपल्यासाठी किती माया ठेवली ते पाहायचं. कुणी दुमडून मोजायचं, कुणी सरळ करून, कुणी बोटांनी. त्यामुळे कुणाची दोन इंच भरायची, कुणाची एक, आणि एका दांडग्या ट्रकवाल्याची साडेतीन भरली, तो पेढे वाटल्यासारखा सगळ्यांना सांगत फिरला. पाहून झालं की कोट माझ्याकडे. "ताई, अस्तर जरा सुटलंय." एकेक अस्तर मी तीन-तीनदा शिवलं.

मी घसा फोडून सांगितलं की बाबांनो, सगळ्यांना दोनच इंच असते. कुणी ऐकेल तर शपथ. कारण ज्यांची पोटं सुटली ते सगळे आमच्याकडे आले, आणि त्या सगळ्यांचं भविष्य खरं ठरलं. ज्यांची सुटली नाहीत ते कशाला येतील? त्यांचं चुकलेलं भविष्य त्यांच्याच अस्तरात बंद राहिलं. हे मी यांना समजावून सांगितलं तेव्हा हे हसले. पुढे पुढे हसेनासे झाले. माप घेण्याआधी गिऱ्हाइकाकडे डोळे बारीक करून पाहायला लागले. एकदा मला म्हणाले, "त्या माणसाच्या खांद्यावर मला काहीतरी दिसलं."

"कोंडा असेल," मी म्हटलं.

यांची आणखी एक खोड होती, तिच्यावरून मात्र आमचं कायम वाजायचं. कोटाला दोन मीटर कापड लागत असेल तर हे सव्वादोन सांगणार. पँटला सव्वा लागत असेल तर दीड. पाव मीटर जास्त सांगितल्याशिवाय यांना चैन पडत नसे. गिऱ्हाईक कुरकुरायचं, आणि रस्त्यात उघड बोललं जायचं की मास्तर भविष्य सांगतो खरं, पण कापड मारतो. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी भांडायचे. "लोक चोर म्हणतात तुम्हाला. कशाला लागतं ते पाव मीटर?"

"लागतं," हे म्हणायचे, आणि मशीन चालू करायचे.

लोकांशी भांडायला मी तशी कमी नाही. आमच्या शेजारी बेकरी आहे. तिथला माणूस दोन-तीन वर्षांतून एकदा पाव करपवायचा आणि तो वास सरळ माझ्या इस्त्रीच्या टेबलापर्यंत यायचा. मी लगेच तिथे जाऊन त्याला चांगलं सुनावून यायचे. तो बिचारा म्हणायचा, ताई, भट्टी आज पेटवलीच नाही. खोटं बोलणाऱ्याचा मला भारी राग.

आमच्या वरच्या मजल्यावर गणिताचे सर राहतात. आता निवृत्त आहेत. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, दीड महिन्यावर आलं, आणि सर कोटाचं कापड घेऊन खाली आले. मोजून दोन मीटर.

"सर, सव्वादोन आणा," हे म्हणाले.

"का?"

"लागतं."

सरांनी वही काढली, दोन्ही बाह्या, पाठ, पुढचे दोन भाग, कॉलर, सगळं आखून दाखवलं, आणि दोन मीटरमध्ये कोट मायेसकट बसतो हे सिद्ध केलं. खाली रेघसुद्धा मारली. यांनी दोन मीटरच ठेवून घेतलं. कोट कापला, शिवला, दोन इंच मायेसकट बरोबर बसला, आणि इस्त्रीसाठी माझ्याकडे आला.

त्या दिवशी हे खडू शोधत होते. खडू त्यांच्या कानावर होता. ते सांगता सांगता मी शिवण फाकवून इस्त्री ठेवली आणि पडद्याकडे तोंड करून त्यांना ते वाक्य ऐकवायला लागले. सत्तावीस वर्षांत माझ्या इस्त्रीने. तेवढ्यात वास आला. मी पदर खोचून बेकरीकडे निघाले, आणि दारातच आठवलं की बेकरीवाला त्याच्या भावाकडे गेलाय, बेकरीला कालपासून कुलूप आहे.

मागे वळले. ओलं फडकं सरकलेलं होतं. डाव्या कुशीच्या शिवणीवर, आतल्या बाजूला, मायेवरच, इस्त्रीच्या टोकाचे दोन तपकिरी डाग. नशिबाने बाहेर काही दिसत नव्हतं. यांना हाक मारावी असं एकदाही मनात आलं नाही, हे मी खरं सांगते. कात्री घेतली आणि करपलेली माया कापून काढली. एका बाजूला माया नि दुसऱ्या बाजूला नाही, तर कोट एका कुशीत जाड दिसतो, म्हणून उजवीकडचीही कापली. करंगळीच्या नखाएवढी तेवढी ठेवली. वरून अस्तर शिवून टाकलं. यांच्या स्टुलाची गादी मी त्याच दिवशी चिंध्या भरून नवी करत होते, ते तुकडे त्या गादीत कोंबले, तोंड शिवलं, आणि गादी स्टुलावर ठेवली. हे त्यावर बसले आणि म्हणाले, छान मऊ झालीय.

कोट वर गेला. सरांचा भविष्यावर विश्वास नाही, ते तसं चारचौघांत सांगतात. पण दार लावून त्यांनीही चार टाके उसवले. आणि ते बोटांनी मोजणारे नव्हते, त्यांच्याकडे पट्टी होती.

तिसऱ्या दिवशी सरांच्या बायको खाली आल्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. डोळे सुजलेले.

"मास्तर, यांच्या कोटाला माया किती ठेवलीत?"

"दोन इंच," हे म्हणाले.

"अर्धा सेंटिमीटर आहे. यांनी तीन वेळा मोजली. परवापासून अंथरुणावर आहेत. वाचनालयाची पुस्तकं परत पाठवली, बँकेतल्या सह्या मला शिकवून ठेवल्या. दोन घास खा म्हटलं तर म्हणतात, आता खाऊन काय करू, कोटात जागा नाही. मुलगी रडतेय. लग्न पुढे ढकलू म्हणते, तर म्हणतात पुढे नको, अलीकडे आणा."

हे उठून वर गेले, कोट पाहिला, आणि परत आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. मला म्हणाले, "मी दोन इंच ठेवल्याचं मला आठवतंय. पण तिथे नाही. म्हणजे माझ्या हाताने ठेवली नाही. हाताला आधीच कळलं असणार."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण तोंडात सत्तावीस वर्षांचं ते एकच वाक्य येऊन बसलं होतं, त्याच्यापुढून दुसरं काही बाहेर पडेना. मी म्हटलं, "काहीतरीच काय," आणि बटणं लावायला बसले.

त्या दिवसापासून यांनी कात्रीला हात लावला नाही. औषधवाल्याच्या लेकीच्या फ्रॉकचं कापड आलं होतं, ते परत पाठवलं. म्हणाले, लहान लेकरू आहे, माझ्या हातून काय येईल सांगता येत नाही. दिवसभर दोन्ही हात खिशात घालून बसायचे. रस्त्यावर बातमी फिरली होतीच. लोक दुकानासमोरून जाताना पलीकडच्या बाजूने जायला लागले, आणि तो साडेतीन इंची ट्रकवाला तेवढा हात हलवायचा.

मी वर जाऊन सरांना थोडं इकडून तिकडून सांगून पाहिलं. "सर, कापडच कमी पडलं. तुम्ही दोन मीटर आणलंत ना."

सरांनी उशीखालून वही काढली. आवाज खोल गेला होता, पण रेघ तीच. "मायेसकट दोन मीटर. हे पाहा. कापड कमी नव्हतं. मास्तरांनी ठरवून ठेवली नाही. त्यांना दोष देऊ नका, त्यांनी मला सावध केलं."

गाल बसले होते. कोट खुंटीला टांगलेला होता. वहिनी दारात भाताचं ताट घेऊन उभ्या होत्या, आणि ते गार झालेलं होतं.

खाली आले. यांनी माझ्या गाऊनसाठी फुलाफुलांचं कापड आणून ठेवलं होतं, ते घडी मोडून मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून त्यांनी ते पुन्हा घडी घालून कपाटात ठेवलं.

"हे मी कापणार नाही," म्हणाले.

"का?"

"तुझ्या गाऊनला हाताने कमी ठेवली तर?"

ज्या माणसाला मी कोंड्यावरून हसले होते, तो माझ्यासाठी स्वतःच्या हाताला भीत होता. मी तशीच उलटपावली जिना चढले आणि सरांच्या पलंगाजवळ उभी राहून एका दमात सांगून टाकलं. इस्त्री चिकटली. माया करपली. मी कापली. मास्तरांना माहीत नाही.

सरांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "ताई, तुमचं मन मोठं आहे. पण मला खोटा धीर देऊ नका."

"अहो सर, खरंच जळली."

"शक्य नाही. सत्तावीस वर्षांत तुमच्या इस्त्रीने एकही कपडा जाळलेला नाही. आम्हाला वरपर्यंत ऐकू येतं. रोज, जेवताना."

वहिनींनीही मान डोलावली.

"पुरावा दाखवते," मी म्हटलं. "चला खाली."

पुरावा म्हटल्यावर गणिताचा माणूस अंथरुणात राहत नाही. सर चादर गुंडाळून, हातात पट्टी घेऊन, वहिनींच्या खांद्याला धरून जिना उतरले. कोट वहिनींच्या हातावर. हे स्टुलावर बसले होते.

"उठा," मी यांना म्हटलं.

"का?"

"गादी हवीय."

हे उठले. मी गादीचं तोंड उसवलं आणि चिंध्या जमिनीवर पालथ्या केल्या. चार लांब पट्ट्या निघाल्या, दोन साध्या आणि दोन तपकिरी डागांच्या. सर खाली बसले. कोटाचं अस्तर उसवून त्यांनी एकेक पट्टी आपल्या जागी लावून पाहिली. कापडाचा ताणा, रंग, कात्रीची वाकडी चाल, सगळं जुळवलं. मग मोजपट्टी लावली.

"साडेचार," सर म्हणाले, "अधिक अर्धा. पाच सेंटिमीटर. म्हणजे दोन इंचाला थोडी कमी." त्यांनी पुन्हा एकदा मोजलं. "कात्रीत तेवढं जातंच." मग चष्मा काढून चादरीला पुसला, बराच वेळ पुसला, आणि वहिनींना विचारलं, "भात आहे का अजून?"

वहिनींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. ते पाहणं काही चांगलं नव्हतं, आणि मला ते मिळायलाच हवं होतं. मग दोघं वर गेले. जिन्यात सर सांगत होते की आपण वहीत दाखवलं तेच बरोबर होतं.

उरलो आम्ही दोघं आणि चिंध्या. मी वाट पाहत होते. आता यांची पाळी होती, आणि सत्तावीस वर्षं ऐकून घेतलेल्या माणसाने काय वाटेल ते बोललं तरी मी ऐकून घेणार होते. हे खाली बसले, डागाची पट्टी उचलली, उजेडात धरली. आणि यांचा चेहरा असा सुटला की मला वाटलं हे रडतात की काय. मग यांनी खिशातून हात काढून तो उलटसुलट करून पाहिला.

"हाताचं काही नव्हतं तर," म्हणाले.

"नव्हतं. माझं होतं."

यांनी मशीनचा सगळ्यात खालचा खण ओढला. त्यात जुनं तेल आणि मोडक्या सुया असतात असं हे सांगायचे, म्हणून मी तो कधी उघडला नव्हता. आतून एक पुरचुंडी काढून माझ्यासमोर सोडली. एक कॉलर. एक कफ. खिशाची झाकणी. एका पँटचा अख्खा पाय, गुडघ्यापर्यंत. नऊ तुकडे होते, आणि नऊही तुकड्यांवर इस्त्रीच्या टोकाचा तोच तपकिरी डाग.

"हे कुणाचे?"

"तुझेच. तू बोलायला लागलीस की इस्त्री एका जागी थांबते. मग वास आला की तू बेकरीवाल्याशी भांडायला जातेस. तिथे तुझा अर्धा तास सहज जातो. तेवढ्यात मी तो तुकडा काढून नवा कापून लावायचो."

"नवा? कापड कुठलं?"

"पाव मीटर जास्त मागतो ना मी."

मी त्या चिंध्यांतच खाली बसले. अख्ख्या रस्त्याने यांना चोर म्हटलं होतं, आणि सगळ्यांत मोठ्याने मी.

"आणि बेकरीवाला?"

"त्याला माहितीय. मी दर वेळी जाऊन समजावतो. चांगला माणूस आहे." यांनी तुकड्यांची पुन्हा पुरचुंडी बांधायला घेतली. "या वेळी तू दारातूनच परतलीस, म्हटलं काही झालं नसेल. डाग दिसला असता तर लगेच ओळखलं असतं. डाग मी ओळखतो. पण तू तो कापूनच टाकलास. मग मला वाटलं, हातच."

"मला सांगितलं का नाहीत? एकदा तरी? नऊ वेळा, अहो."

हे जरा विचारात पडले. "तुला ते वाक्य आवडतं," म्हणाले. "जेवताना म्हणतेस तेव्हा खुशीत असतेस."

मला रडू आलं, ते मी आवरलंही नाही. हे बाजूला बसून गादीत चिंध्या भरत राहिले. त्या दिवशी जेवताना मी एक अक्षर बोलले नाही. यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, चष्मा मुद्दाम काढून माठामागे ठेवला आणि म्हणाले, "माझा चष्मा कुठे दिसत नाही गं." तरी मी गप्पच.

सरांच्या मुलीचं लग्न ठरल्या दिवशी झालं. सर चार दिवसांचा उपास भरून काढायला बसले आणि लग्नाच्या सकाळी कोटाचं मधलं बटण लागेना, ते यांनीच जाऊन एक बोट सरकवून दिलं. मास्तरांना भविष्य कळत नाही, असं सर आता वहीच्या आधाराने सगळ्यांना सांगतात. लोकांना फारसं पटत नाही. औषधवाल्याला तर मुळीच नाही.

मला विचाराल तर कळतं. एकाच माणसाचं कळतं, पण ते सत्तावीस वर्षं बिनचूक कळत आलंय.

परवा एक नवीन गिऱ्हाईक आलं. यांनी माप घेतलं आणि सांगितलं, "सव्वादोन मीटर आणा."

"सव्वादोन?" तो माणूस म्हणाला. "कोटाला दोन पुरतं, सगळे म्हणतात. वरचं पाव कशाला?"

यांच्या तोंडात टाचण्या होत्या. मी इस्त्री उचलून उभी ठेवली, पडदा बाजूला केला आणि त्याला म्हटलं, "अडीच आणा."